दहावा एक

चौकटीच्या वहीत ओळीने नऊ एक लिहावेत. त्यांच्याखाली पुन्हा तेच नऊ. आणि शाळेत शिकवलेला गुणाकार सुरू करावा. या गुणाकाराला पाढे लागत नाहीत. एकाने गुणायचं म्हणजे वरची ओळ जशीच्या तशी खाली उतरवायची. दर वेळी एक घर डावीकडे सरकायचं आणि उजवीकडच्या रिकाम्या घरांत फुल्या मारायच्या. नऊ ओळी झाल्या की पानावर एकांचा एक तिरका पट्टा तयार होतो. आता उभ्या रांगा बघाव्यात. एकं स्थानी एकटा एक. दहं स्थानी दोन एक. मग तीन, चार, पाच. बरोबर मधल्या रांगेत नऊच्या नऊ एकाखाली एक. तिथून डावीकडे आठ, सात, सहा, आणि शेवटच्या घरात पुन्हा एकटा एक. बेरजेलाही कष्ट नाहीत, नुसतं मोजायचं: १२३४५६७८९८७६५४३२१.

एवढ्या मोठ्या गुणाकारात एकदाही हातचा घ्यावा लागला नाही. ही गोष्ट मनात असू द्यावी, पुढे ती लागणार आहे.

सतरा अंकी संख्या. डावीकडून वाचा नाही तर उजवीकडून, तीच. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली स्थानांची नावं घेऊन ती म्हणायची तर अशी म्हणावी लागेल: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. त्या यादीतलं शेवटचं स्थान परार्ध. आपण एक घर अलीकडे थांबलो. एरवी ही नावं एकेका मोठ्या आकड्याला चिकटवायची म्हणून घेतली जातात. इथे मात्र जवळजवळ सगळी यादी एका दमात उपयोगी पडते आणि प्रत्येक नावाला वेगळं काम मिळतं, म्हणून मला हे वाचन आवडतं.

आकाराने ती केवढी आहे? सेकंदाला एक या वेगाने, न जेवता, न झोपता मोजायला बसलं तर इथवर यायला सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. ज्या लाव्ह्यातून सह्याद्री घडला तो वाहिला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे ही मोजणी आज संपणार असेल, तर ती सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राच्या पायाखालचा काळा पाषाण जन्माला यायलाच अजून ३२ कोटी वर्षं होती. आणि लिहायला? तिकिटाची पाठकोरी बाजू पुरते.

माझं पोट ज्या कामावर चालतं त्यात दिवसभर समोर स्प्रेडशीट उघडी असते. दुपारच्या सुस्तीत एकदा मी तिथे हा गुणाकार टाकून पाहिला. रकान्यात आधी १.२३ नि पुढे काहीतरी ई-अधिक-सोळा असं उमटलं. फॉरमॅट बदलला, रकाना रुंद केला, तेव्हा दिसलं: १२३४५६७८९८७६५४३००. शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं. स्प्रेडशीट पंधराच अंक धरते, सोळाव्यापासून पुढे शून्यं भरते. लांबलचक खातेक्रमांक टाइप करणाऱ्या कारकुनांना हे अनुभवाने ठाऊक असतं, म्हणून ते आकड्याच्या आधी अवतरणचिन्ह मारतात आणि आकडा नव्हे, मजकूर आहे असं यंत्राला पटवून देतात. यंत्राच्या पोटातही गंमतच आहे. तिथे संख्या ठेवायला द्विमान पद्धतीची ५३ घरं असतात, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२ या संख्येपलीकडच्या विषम संख्या त्याला ठेवताच येत नाहीत. आपली संख्या विषम. तेव्हा पडद्यावर ती ३०० वर संपते, यंत्राच्या पोटात ३२० वर, आणि वहीत ३२१ वर. वही बरोबर आहे.

या संख्येला आणि तिच्या धाकट्या भावंडांना, म्हणजे १, १२१, १२३२१, १२३४३२१ वगैरेंना, नाव आहे: डेमलो संख्या. नीट सांगायचं तर ‘वंडरफुल डेमलो’. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून ३० मैलांवर डेमलो नावाचं स्टेशन होतं. आजची आपली डोंबिवली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना या संख्यांचा विचार तिथे सुचला आणि त्यांनी स्टेशनचंच नाव संख्यांना देऊन टाकलं. मी डोंबिवलीकर आहे. आमच्या गावाची ख्याती गर्दीबद्दल, लोकलबद्दल, पुस्तकं वाचणाऱ्या मध्यमवर्गाबद्दल आणि त्या लोकलवरून निघालेल्या एका सिनेमाबद्दल. पण जगभरच्या संख्यासिद्धांताच्या कोशांत आमचं स्टेशन एका संख्येचं नाव होऊन बसलंय, हे पुलावरून ढकलत ढकलत उतरणाऱ्या हजारोंतल्या कुणालाच बहुधा माहीत नसतं. गणितात बहुतेक गोष्टींना माणसांची नावं मिळतात. स्टेशनचं नाव देणारा माणूस निराळ्या वृत्तीचा असला पाहिजे.

कापरेकर तसे होतेच. १९०५ साली डहाणूला जन्म, ठाण्याला शाळा, पुण्यात फर्ग्युसन कॉलेज. विद्यार्थी असतानाच, १९२७ मध्ये, स्वतंत्र गणिती लेखनासाठी असलेलं रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांनी मिळवलं. त्यानंतरचं सगळं आयुष्य देवळालीला शाळामास्तर म्हणून गेलं. १९३० ते १९६२ शाळेत शिकवलं, निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या केल्या. डेमलो संख्यांवरचा त्यांचा लेख १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये आला. बरंचसं लेखन त्यांनी पदरचे पैसे घालून छोट्या पुस्तिकांच्या रूपात छापलं. ६१७४ या संख्येमुळे आज त्यांचं नाव शाळकरी पोरांनाही माहीत असतं. पण देशातल्या विद्यापीठीय गणितज्ञांनी त्यांना बराच काळ गांभीर्याने घेतलं नाही. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते.

डेमलो संख्येची त्यांची कल्पना नुसत्या वर्गांपुरती नव्हती. संख्येचे तीन भाग करायचे: डावा, मधला, उजवा. डावा आणि उजवा मिळवले की जो अंक पुन्हा पुन्हा यावा, तोच मधल्या भागात असला पाहिजे. १६५ घ्या: १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. २५५३ घ्या: २ आणि ३ मिळून ५, मध्ये पाचच पाच. आता आपली संख्या. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. आणि मध्ये उभा आहे ९.

कापरेकरांनी दुसऱ्याही एका जातीला नाव दिलं होतं: हर्षद संख्या. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज करा. १ पासून ९ पर्यंत ४५, परत येताना ८ पासून १ पर्यंत ३६. एकूण ८१. आता भागून पाहा: भाग जातो, आणि भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. तोही पूर्ण वर्ग, १२३४५६७९ या संख्येचा. नऊ वंडरफुल डेमलोंपैकी फक्त तीन हर्षद आहेत: १, १२३२१ आणि ही नऊ एकांची थोरली. बाकीच्या सहांना भाग जात नाही. एकाच माणसाने वेगवेगळ्या निमित्ताने बांधलेल्या दोन वाटा इथे एकमेकींना छेदतात.

अशा संख्येचे अवयव काढायचे म्हणजे दिवस जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात ती वर्ग असल्यामुळे निम्मं काम आयतंच झालेलं असतं. नऊ एकांचे अवयव काढले की पुरे. १११११११११ म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९, आणि १२३४५६७९ म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७. यात ३३३६६७ ही संख्या मात्र हटवादी आहे. ती मूळ आहे का? तपासायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. अशा मूळ संख्या १०६ आहेत. वहीवर १०६ भागाकार करण्याइतका मी निष्ठावंत नाही.

इथे फर्मा मदतीला येतो. त्याने १६४० साली सांगितलेला नियम असा: १० ला भाग न जाणारी कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्याहून एकने कमी इतका १० चा घात करा, तिने भागा, बाकी १ उरते. आता ३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला भाग जातो, म्हणून तिच्या कुठल्याही मूळ अवयवाने १० च्या नवव्या घाताला भागलं तरी बाकी १ च उरणार. बाकी १ उरवणारा सगळ्यांत लहान घात १, ३ किंवा ९ यांपैकीच असू शकतो. तो १ किंवा ३ असेल तर तो अवयव ३ किंवा ३७ एवढाच. आणि त्या दोघांनी भाग जात नाही, हे लगेच दिसतं. उरला ९. मग फर्माच्या नियमामुळे त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर उरणाऱ्या आकड्याला ९ ने भाग जायलाच हवा, आणि ती विषम असल्यामुळे १८ नेही. १८ ने भागल्यावर १ उरेल अशा मूळ संख्या ५७७ पर्यंत फक्त सतरा आहेत: १९, ३७, ७३, १०९ अशा. १०६ चे सतरा झाले. एकानेही भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे.

म्हणजे आपली संख्या तीनचा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. तिचे विभाजक ४५.

नवव्या शतकात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होते. त्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा उल्लेख आहे. त्या ग्रंथात गुणाकाराची अशी उदाहरणं दिली आहेत की उत्तरं अंकांच्या माळेसारखी दिसावीत. त्यांतलं एक उत्तर म्हणजे १२३४५६५४३२१, आणि त्याचं वर्णनही नेमकं असं, की एकापासून सहापर्यंत चढणारी नि मग क्रमाने उतरणारी. म्हणजे आपल्या कुटुंबातलं सहावं भावंड. ते सहावर का थांबले असतील? माझा तर्क असा की सहा एकांच्या संख्येचे अवयव शिकवण्याजोगे आहेत: ३, ७, ११, १३ आणि ३७. विद्यार्थ्याला वेगवेगळे गुणाकार करायला लावून उत्तराशी एकदम माळ काढून दाखवता येते. सातवर गेलं तर अवयव निघतात २३९ आणि ४६४९, त्यातून वर्गातल्या पोराला कसली मजा येणार! हा तर्क चुकीचा असू शकेल, पण मास्तर कसा विचार करतो ते कळायला मास्तर असावंच लागतं असं नाही.

हल्ली या संख्या सकाळी-सकाळी फोनवर येतात. खाली हात जोडलेले, वर ‘आपल्या प्राचीन गणिताचा चमत्कार’. मला त्याचा वैताग येतो. चमत्कार म्हटलं की का हा प्रश्नच संपतो, आणि महावीराचार्यांनी तरी ते उदाहरण मुलांनी गुणाकार करावा म्हणून दिलं होतं, हात जोडावेत म्हणून नव्हे.

पण दुसऱ्या टोकालाही एक माणूस उभा आहे आणि त्याला टाळता येत नाही. जी. एच. हार्डी. रामानुजनांना केंब्रिजला नेणारा. १९४० मध्ये आलेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या छोट्या पुस्तकात त्याने अशा अंकांच्या करामतींची दोन उदाहरणं घेतली. एक असं की चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ याच दोन आपल्या उलट्या संख्यांच्या पटीत आहेत. ८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट. हार्डीचं म्हणणं थोडक्यात असं की ही कोड्यांच्या सदराची सामग्री आहे, गणितज्ञाला यात घेण्यासारखं काही नाही. त्याचा मुद्दा खरा आहे. हे सारे गुण संख्येचे नाहीत, ती लिहिण्याच्या आपल्या पद्धतीचे आहेत. आपण दहांनी मोजतो म्हणून ते दिसतात. माणसाला आठ बोटं असती तर आपली डेमलोंची रांग सात एकांवर संपली असती आणि ती नऊवाली थोरली कुणाच्या गावीही नसती. उलट रामानुजनांच्या १७२९ चा गुण कुठल्याही पद्धतीत लिहिला तरी टिकतो: दोन घनांची बेरीज दोन प्रकारे करून मिळणारी सगळ्यांत लहान संख्या. (जाता जाता: १७२९ च्या अंकांची बेरीज १९, आणि १७२९ म्हणजे १९ गुणिले ९१. हार्डीच्या टॅक्सीचा आकडा कापरेकरांच्या व्याख्येने हर्षद आहे, वर उलटसुलट अंकांची करामतही त्यात आहे. हार्डीला हे सांगितलं असतं तर त्याने खिडकीबाहेर बघितलं असतं.)

हार्डीशी वाद घालायचा तर नऊ एकांवर थांबून चालत नाही. वहीत दहावा एक लिहावा लागतो.

दहा एक गुणिले दहा एक. तीच फुल्यांची उतरंड, आता दहा ओळींची. मधल्या रांगेत दहा एक जमतात. दहा काही एका घरात मावत नाहीत. शून्य लिहायचं, हातचा एक. शेजारच्या रांगेत आधीच नऊ, त्यात हातचा मिळाला की दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ, आठ नि एक नऊ. इथे हातचा जिरतो. सात, सहा, पाच आपापल्या जागी निवांत. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१.

शिखर कोसळलं. मध्ये दोन शून्यांचा खड्डा, उजवा उतार धड, डाव्या चढणीवर आठाचा पत्ता नाही. हाच तो बेपत्ता आठ, ज्याच्यावर लहान मुलांचा एक जुना खेळ आहे. मुलाला त्याचा आवडता अंक विचारायचा; तो सात म्हणाला तर त्याला १२३४५६७९ ला ६३ ने गुणायला लावायचं. उत्तर येतं ७७७७७७७७७. सातच काय, कुठलाही अंक घ्या आणि त्याची नऊपट करा. मुलं नेमकं विचारतात, यात आठ का नाही? उत्तर वरच्या बेरजेत आहे. आठ कुठे गेलेला नाही. हातचा मिळाल्यामुळे त्याचाच नऊ झाला आहे. शून्य होऊन बसलाय तो नऊ.

हर्षदपणाही गेला. अंकांची बेरीज आता ८२ भरते. ८२ सम, संख्या विषम, भाग जायचा प्रश्नच नाही. खरं तर दहा ओळी गुणिले दहा एक म्हणजे पानावर शंभर एक होते, मग बेरीज शंभर का भरली नाही? कारण प्रत्येक हातचा नऊ खातो. एका घरातले दहा काढून शेजारच्या घरात एक ठेवायचा, म्हणजे अंकांच्या बेरजेतून नऊ गेले. दोन हातचे, अठरा गेले, उरले ब्याऐंशी. जुन्या लोकांचा नवाचा ताळा याच गोष्टीवर उभा आहे. अंकांची बेरीज करत जायची, नऊ आले की टाकून द्यायचे. हातच्यांनी कितीही उलथापालथ केली तरी ती नऊनऊंचीच असते, म्हणून ताळा जुळतो.

आता त्या मोडक्या संख्येला जरा वेगळ्या तऱ्हेने हाताळू. आधी धडधाकट असलेल्यांपासून सुरुवात करावी. सात एकांचा वर्ग घ्या आणि उजवीकडून सात अंक तोडा: १२३४५६ आणि ७६५४३२१. बेरीज ७७७७७७७, म्हणजे मूळ संख्येची सातपट. आठ एकांच्या वर्गाचे उजवीकडून आठ अंक तोडून मिळवा: ८८८८८८८८, आठपट. नऊचे नऊ तोडा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९९, नऊपट. मग दहा एकांची दहापट यायला हवी. उजवीकडून दहा अंक तोडले तर ०९८७६५४३२१, डावीकडे उरले १२३४५६७९०. मिळवा.

११११११११११.

दहापट नाही. जिचा वर्ग केला होता तीच संख्या जशीच्या तशी समोर. आणि ही कापरेकरांची तिसरी जात, जिला आज जग ‘कापरेकर संख्या’ म्हणतं: वर्ग करावा, दोन तुकडे करावेत, ते मिळवले की मूळ संख्या परत यावी. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. एका हातच्यापायी डेमलोची माळ तुटली आणि तुटल्या जागी हे निघालं.

का निघालं, ते नवाचा ताळाच सांगतो. उजवीकडून दहा अंक तोडून डाव्या तुकड्यात मिळवायचे, म्हणजे संख्येतून ९९९९९९९९९९ चे गठ्ठे काढून टाकायचे. आणि ९९९९९९९९९९ म्हणजे आपल्या दहा एकांच्या संख्येच्या नऊ प्रती. वर्ग म्हणजे काय? त्या संख्येच्या तितक्याच प्रती, जेवढी ती स्वतः आहे. त्यांतून नऊनऊ प्रती टाकत गेलं तर किती उरतील? तेवढ्या, जेवढा त्या संख्येचा नवाचा ताळा. दहा एकांची बेरीज दहा, त्यातून नऊ टाकले, एक. एक प्रत उरली. अकरा एकांच्या संख्येला दोन प्रती उरतात, तोडून मिळवलं की अकरा वेळा दोन येतात. बाराला तीन. आणि पुन्हा एकच प्रत उरायला १९ एक लागतात. ती १९ एकांची संख्या कापरेकर तर आहेच, शिवाय मूळ आहे. नुसत्या एकांनी बनलेल्या संख्या फार क्वचित मूळ निघतात: दोन एकांची ११, मग थेट १९, मग २३, मग ३१७. त्यापुढची १०३१ एकांची. ती मूळ असल्याचं ह्यू विल्यम्स आणि हार्वे डबनर यांनी १९८६ साली सिद्ध केलं. त्याच वर्षी देवळालीला कापरेकर गेले.

हार्डीचा प्रश्न अजून शिल्लक आहे: हे सगळं दहांनी मोजण्यामुळेच ना? चढ-उताराची माळ नऊपर्यंत पोचते ती तेवढ्यामुळेच, हे कबूल. आपल्याकडे १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते. आपण आकडेही सोळांच्याच हिशेबाने लिहीत असतो, दहा ते पंधरा यांना स्वतंत्र चिन्हं असती, तर हीच माळ पंधरा एकांपर्यंत बिनहातच्याची चालली असती. सोळाव्या एकाला हातचा आला असता आणि शिखर पडलं असतं. पण मग सोळांच्या हिशेबात नवाची जागा पंधरा घेतो, ताळा पंधराचा होतो, सोळातून पंधरा टाकले की एक उरतो. म्हणजे सोळा एकांचा वर्ग करून सोळाव्या घराशी तोडला आणि तुकडे मिळवले तर तिथेही तीच सोळा एकांची संख्या परत येते. आठांच्या हिशेबात आठ एकांनी, बारांच्या हिशेबात बारांनी. माळ कुठे तुटते ते मोजणाऱ्याच्या बोटांवर. पण तुटल्या जागी जे येतं ते सगळीकडे येतं. हे कोड्यांच्या सदरातलं मला वाटत नाही. कापरेकरांनी हे असं मांडलं असतं की नाही याचा अंदाज मी करत नाही. आकडे दहांतलेच त्यांना प्रिय होते.

सगळ्यांत लहान हिशेब दोनांचा, यंत्राच्या पोटातला. तिथे अंकच दोन, ० आणि १, आणि माळ पहिल्याच पावलाला तुटते. दोन एक एकाखाली आले की लगेच हातचा. दोन एक म्हणजे तिथे ११, आपल्या भाषेत तीन. त्यांचा वर्ग नऊ, आणि नऊ दोनांच्या हिशेबात लिहितात १००१. उजवीकडून दोन अंक तोडा: १० आणि ०१. मिळवले की ११. तीन एक घेतले तर आपले सात. वर्ग एकोणपन्नास, तिथे ११०००१. तोडा: ११० आणि ००१. मिळवले की १११.